पाळण्यातलं कोहळं

हालल्याशिवाय माणसाले झोप येत नाई, असं आमच्या यायचं ठाम मत. यायचं म्हणजे माह्या मालकाचं, लहानू ड्रायव्हरचं. कारंज्यात नुसतं ड्रायव्हरचं घर म्हणलं तरी लोक आमच्या दारात आणून सोडतात, इतके वर्षं यायनं संत्र्याचा ट्रक चालवला. कारंजा ते कलकत्ता, कारंजा ते दिल्ली, आन येताना जे भाडं मिळन ते. आता रिटायर होऊन घरी बसले. घरी बसले म्हणजे माह्या डोक्यावर बसले, दुसरं काय.

रिटायर झाले तवा पहिले यायले झोपच येईना. पलंग नवा, गादी नवी, पंखा चालू, आन माणूस टक्क जागा.

"पलंग हालत नाई, भागीरथा," म्हणे.

म्हणलं, पलंगानं काऊन हालावं? पलंग आहे तो, बैल नाई. पण ऐकतात कुठं. ओसरीच्या छताले साखळ्या लावल्या आन खाट टांगली. आता टांगली खाट आपोआप तं हालत नाई. मंग मी शाळेतून थकून भागून आली की जेवणं आटपून खाटेले ढकलत बसायची. लोक लेकराले झोका देतात, मी नवऱ्याले दिला. वरून डोळे मिटून सूचना. "एकदम ब्रेक नको मारू. हळू आण." एकदा मी इतक्या जोरात ढकललं की खाट भिंतीवर गेली. तवापासून रस्सी बांधून स्वतःच ओढतात.

अशा माणसाच्या घरात लेकरू आलं.

पौर्णिमा आमची एकुलती एक पोर. बँकेत आहे. तिले मुलगी झाली, नाव ठेवलं संबोधी, आम्ही बोधी म्हणतो. जावई अश्विन नागपूरले कंपनीत. पौर्णिमाची बदली इथंच कारंज्याच्या शाखेत झाली म्हणून ती लेकराले घेऊन आमच्याकडे राहाले आली. बाळंतपणाची सुट्टी संपत आली आन मंग प्रश्न पडला, बँकेच्या वेळात बोधीले कोण पाह्यन? मी शाळेत पोरायची खिचडी शिजवतो. ते काम मी सोडणार नाई, कोणी म्हणलंही नाई. अश्विनची आई नागपूरहून फोनवर म्हणाली, "इकडे पाठवून द्या ना जी. घरात बाई आहे, मी आहे. पौर्णिमा शनिवार-रविवार येत जाईन." वाईट नाई बोलली बिचारी, मायेनंच बोलली. पण पौर्णिमा त्या दिवशी ताटावरून तशीच उठली.

तिले तसं उठलेलं पाह्यलं आन यायनं छाती ठोकली. "मी आहे ना. कलकत्त्यापर्यंत एक संत्रं कधी दबू देलं नाई मी."

"बाबा, ती संत्रं नाई," पौर्णिमा म्हणाली.

तिची भीती खोटी नव्हती. झालतं काय, अश्विननं ऑनलाइन एक खुर्ची मागवलती. लेकराले ठेवाची, बटन दाबलं की आपोआप झुलते, चिमण्यांचा आवाज काढते, गाणे वाजवते. यायचा जीव त्या खुर्चीवर जडला. "पाच स्पीड आहेत वो हिले," म्हणे, "आपल्या गाडीसारखे." बोधीले ठेवलं त्यात. पहिला टाकला, दुसरा टाकला, पोर झोपली. हे असे ऐटीत मांगं सरले जसं घाट चढवून आले. तेवढ्यात पौर्णिमा सैपाकघरातून आली, पाह्यलं, आन झोपल्या लेकराले उचलून सरळ गादीवर ठेवलं. पोर जागी झाली आन तिनं घर डोक्यावर घेतलं.

"झोपल्या लेकराले उठवणारी बाई मी आज पाह्यली," हे भडकले.

"तिची मान पाह्यली का बाबा? हनुवटी छातीले टेकलती," पौर्णिमा म्हणाली. "ही खुर्ची जागेपणी बसवासाठी आहे. झोपली की तिरप्या जागेत मान खाली पडते, आन इतक्या लहान लेकराची श्वासाची नळी नरम असते. दुमडली की बंद. लेकरू रडतही नाई. आवाजच येत नाई, बाबा."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तिले सारं नीट समजावलतं. झोपवाचं ते पाठीवर, टणक सपाट गादीवर. उशी नाई, लोड नाई, तोंडाजवळ कपडा नाई, बाहुला नाई. झोळीत, पाळण्यात, खुर्चीत डोळा लागलाच तं उचलाचं आन गादीवर आणाचं.

आता मी काही गप्प बसणारी नाई. मी म्हणलं, "तुले साडीच्या झोळीतच वाढवलं मी. राईची उशी होती डोक्याखाली. मेली का तू?"

पौर्णिमा माह्याकडे पाहत राह्यली. "मी जगली म्हणून विचारून राह्यली तू, आई. जे लेकरं नाई जगले, ते सांगाले येतात का?"

आमच्या गल्लीत शोभाबाईचा नातू झोळीतच गेलता. चांगला हसता-खेळता होता. नजर लागली म्हणलं साऱ्यायनं, मीही म्हणलं.

पौर्णिमानं ती खुर्ची खोक्यात भरली आन माळ्यावर टाकली. मंग बापासमोर बसून शांतपणे बोलली. "बाबा, सोमवारी मी बँकेत रुजू होतो. बोधी गादीवर झोपली पाहिजे, मी सांगितलं तशी. तिच्याजवळून हालाचं नाई. जमलं तं ती इथं राह्यन. नाई जमलं तं मंगळवारी अश्विनची आई येऊन तिले घेऊन जाईन. मी रागानं नाई म्हणून राह्यली. मले भरोसा पाहिजे."

"जमलं म्हण," हे म्हणाले.

तोंडानं म्हणाले. पण तीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेलं डोकं ते, त्यात एकच गोष्ट फिरत होती. हालल्याशिवाय पोर झोपन कशी? झोपली नाई तं रडन. रडली तं पौर्णिमाले कळन. कळलं तं मंगळवारी पोर नागपूरले. रविवारी दिवसभर माणूस जेवला नाई धड. मी विचारलं, पोटात दुखते का? म्हणे, "विचार करू दे."

यायनं विचार केला की मी देवाले... आम्ही देव मानत नाई, पण तवा कोणाले तरी हात जोडावे वाटतात.

विचार असा केला. खुर्चीचा दोष काय? तिरपी आहे. मंग पाळणा सपाट असला म्हणजे दोष गेला. पौर्णिमानं सपाट म्हणलं, आपण सपाट देऊ. हालू नये असं तं ती बोलली नाई. आता हे मले कोणी विचारलं असतं तं मी तिथंच कान पकडला असता. पण मले विचारते कोण. हे गेले हेमराजकडे. हेमराज म्हणजे हायवेवरचा गॅरेजवाला, यायच्या गाडीवर आधी क्लीनर होता. अजूनही यायले उस्ताद म्हणते आन यायनं विहिरीत उडी घे म्हणलं तं खोली किती एवढंच विचारते. त्याच्या घरी त्याच्या पोरायचा जुना लोखंडी पाळणा होता, आन गॅरेजमध्ये भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर.

सोमवारी पौर्णिमा बँकेत गेली. जाताना दहा वेळा मांगं वळून पाह्यलं तिनं. मी शाळेत गेली. आन आमची पाठ वळल्याबरोबर हेमराज पाळणा, मोटर आन बॅटरी घेऊन मांगच्या दारानं हजर. पुढचं सारं मले मंग हेमराजनंच सांगितलं, कारण यायच्या तोंडून ते वदवणं म्हणजे दगडातून तेल काढणं.

पाळणा ओसरीत ठेवला. बोधीले शेजारीच गादीवर ठेवलं. दूध पेली, खांद्यावर ढेकर दिली, यायनं तिले पाठीवर ठेवलं, पौर्णिमानं सांगितलं तशी, पाळणा तयार होईपर्यंत. इकडे मोटर दांडीले बांधली, वायपरचा हात पाळण्याले जोडला. मंग यायले माल भराची आठवण झाली. ट्रकमध्ये संत्रं भरताना फळीच्या बाजूनं तणसाचं वाळलं गवत कोंबतात, म्हणजे धक्क्यानं फळ आपटत नाई. तसं यायनं पाळण्याच्या चारी बाजूनं कपडे कोंबले. पौर्णिमाच्या ओढण्या, टॉवेल, आन माह्या पेटीतल्या दोन नव्या साड्या, ज्या मी अजून नेसली नव्हती.

"साऱ्या बाजूनं बंदोबस्त पाहिजे," हे हेमराजले म्हणाले. "माल हालला तरी आपटला नाई पाहिजे."

बॅटरीचा वायर जोडाले गेले तं हेमराज आडवा आला. "उस्ताद, रिकामा पाळणा हालवू नये. लेकराले बाधते म्हणतात."

यायनं डोळे वटारले. "हेमराज, विहारात अंधश्रद्धेवर भाषण कोणी देलं?"

"तुमीच देलं."

"मंग? आपण असलं मानत नाई."

असं म्हणले आन वायरवरचा हात काही पुढे जाईना. एकदा बोधीकडे पाह्यलं, एकदा पाळण्याकडे पाह्यलं. मंग म्हणाले, "मानत नाई. पण टेस्टिंगले लोड लागते का नाई? खाली गाडी कोणी टेस्ट करते का?" आन आत जाऊन माह्या पलंगाखालचं कोहळं घेऊन आले. बुधवारी भाजी कराले मी राखून ठेवलतं ते, चांगलं पिकलेलं. एका हातात कोहळं, एका हातात बोधीचं वजन आठवून हे म्हणे, "बरोबर आहे. तेवढंच आहे." मंग कोहळ्याचं डोकं कुठी आन पाय कुठी ते समजलं पाहिजे म्हणून त्याले बोधीचं गुलाबी टोपडं घातलं. नाडीही बांधली.

हे सारं चालू होतं तवा मी शाळेची भांडी घासून घराकडे निघालती. वळणावर पौर्णिमा भेटली. जेवणाच्या सुट्टीत धावत आलती, जीव लागत नव्हता म्हणे बँकेत. दोघी मिळून अंगणात आलो.

पहिले आवाज आला. खटॅक, खटॅक, खटॅक. वायपरले दोन स्पीड असतात, एक झिमझिमीचा आन एक मुसळधारचा. यायचा मुसळधारवर अटकलता. मंग ओसरी दिसली. पाळणा या टोकावरून त्या टोकावर जाऊन राह्यलता, हेमराज दोन्ही हातानं मोटर धरून बसलता, हे वायर शोधून राह्यलते. आन पाळण्यात गुलाबी टोपडं दिसलं. पालथं. तोंड कपड्यायच्या ढिगात घुसलं.

माह्या पोरीची पर्स खाली पडली. ती ओरडली नाई. ओरडली असती तं बरं झालं असतं. ती सरळ गेली, चालत्या पाळण्यात दोन्ही हात घातले, तो लोखंडी दांडा तिच्या कोपराले लागला तेही तिले कळलं नाई. उचललं आन छातीशी धरलं. तसं धरून उभीच राह्यली. मी पायरीवरच बसली.

"पौर्णिमा," हेमराज हळूच म्हणाला, "ते कोहळं आहे."

तिनं खाली पाह्यलं. टोपडं सरकवलं. कोहळंच होतं. तरी तिनं ते सोडलं नाई. तिची नजर ओसरीत फिरली. बोधी गादीवर होती. पाठीवर, सपाट, दोन्ही मुठी कानाजवळ, डोकं उघडं, गाढ झोपलेली. एवढ्या खटॅक-खटॅकमध्ये झोपलेली.

पौर्णिमा तिच्याजवळ गुडघ्यावर बसली. कोहळं अजून काखेत. पोटावर बोट ठेवलं, पोट वर आलं, खाली गेलं, तवा तिच्या डोळ्यातून पाणी पडाले लागलं. मी म्हणलं, आता या माणसाचं काही खरं नाई. मले तं तिथंच चार शब्द सुनवावे वाटले. पण यायच्याकडे पाह्यलं.

यायनं वायर तोडला. मंग पाळण्यात हात घालून कोहळं जिथं घुसलतं ती जागा चाचपडून राह्यले. माह्या साडीत एक खड्डा पडलता, बरोबर तोंडाएवढा. त्यात यायचा हात होता आन तो काही बाहेर काढत नव्हते. अख्खा घाट लाइटशिवाय उतरवणारा हात तो.

"पौर्णिमा," हे म्हणाले, "तू अश्विनच्या आईले फोन लाव. घेऊन जाऊ दे तिले."

"बाबा..."

"ऐक. मले वाटलं सपाट केलं, साऱ्या बाजूनं बंदोबस्त केला. आन तोंड तं बंदोबस्तातच घुसलं. मी समोर उभा होतो आन मले दिसलं नाई. तू म्हणलतं आवाज येत नाई. खरंच आला नाई." मंग म्हणाले, "तुह्या वेळी मी गाडीवर होतो. घरी आलो की तू झोपलेली, निघालो की झोपलेली. लेकरू झोपते कसं ते मी कधी पाह्यलंच नाई. उगाच छाती ठोकली मी. नागपूरले पाठव तिले. इथं नको."

खोटं काऊन सांगू? यायच्या तोंडून हे ऐकाची मी इतके वर्षं वाट पाहत होती. दोन-दोन महिने एकटीनं पोर सांभाळली मी, तापात, दातात, साऱ्यात. वाटे, एकदा तरी म्हणावं या माणसानं, की मी नव्हतो. आन म्हणलं तवा मले काही बरं वाटलं नाई.

पौर्णिमानं डोळे पुसले. पहिले हेमराजकडे वळली. "हिले कोणी झोपवलं?"

हेमराज घाबरलाच. "कोणी नाई. मी नाई, उस्तादनंही नाई. तिथं ठेवलं, पंख्याकडे पाहून हातपाय मारत होती. आमी आपले बोलत होतो. मंग पाह्यलं तं झोपलती. उस्तादनं मले हातोडी मारू नाई देली, म्हणे आवाज होते."

"मंग पाळणा काऊन चालवला?"

"उठली की रडन म्हणून," हे खाली मान घालून बोलले. "रडली की तू पाठवून देशीन म्हणून."

पौर्णिमा बापाकडे पाहत राह्यली. मंग तिचे खांदे हालाले लागले. मले वाटलं रडून राह्यली, पण हसून राह्यली होती. हसता हसता रडून राह्यली होती, कोहळं मांडीवर घेऊन. "बाबा, तुमी सकाळपासून कोहळ्याले झोपवलं," म्हणे, "आन ही आपली आपण झोपली." हेमराजही हसाले लागला तं मी त्याच्याकडे असं पाह्यलं की त्यानं बॅटरी उचलली आन उलट्या पावलानं अंगणाबाहेर निघाला. "पाळणा संध्याकाळी नेतो जी," तिकडूनच म्हणाला. म्हणलं, आत्ता ने, नाई तं भंगारात देतो. पळत आला आन मोटरसकट घेऊन गेला.

माह्या साड्या पौर्णिमानं घडी करून माह्या हातात देल्या. घड्याळाकडे पाह्यलं. अंगणात पडलेली पर्स उचलली, केस नीट केले.

"चालली कुठं?" यायनं विचारलं.

"बँकेत. सुट्टी संपली माही."

"आन हिचं?"

"उठली की दूध बाटलीत आहे, गरम पाण्यात ठेवजा. लंगोट बदलजा. जागी असली की घ्या मांडीवर, हालवा, फिरवा, गाणे म्हणा, काय कराचं ते करा. झोपली की इथं. अशीच." चप्पल घालता घालता थांबली. "अश्विनच्या आईले मी सांगतो, नातीले भेटाले या म्हणून. न्याले नाई."

यायनं नुसती मान हालवली.

पौर्णिमा फाटकापर्यंत गेली आन या खेपेले मांगं वळून पाह्यलं नाई तिनं. मीच पाहत राह्यली ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.

मंग मी आत आली, ताट वाढलं, हाक मारली. "या, जेवून घ्या."

"हळू बोल," हे म्हणाले. गादीजवळ मांडी घालून बसलते, हात मांडीवर, पाठ ताठ. "मी नाई जेवत आत्ता. इकडे ये. हिचं पोट पाह्य."

मी जाऊन बसली. बोधीचं पोट वर येत होतं, खाली जात होतं. कधी दोन श्वास पटकन घेई, कधी जरा थांबे, मंग परत घेई. थांबे तवा हेही श्वास धरत आन मंग सोडत.

"पौर्णिमाही अशीच झोपत होती का?" हळूच विचारलं यायनं.

"हो," मी म्हणलं. "झोळीत होती, पण अशीच."

आम्ही दोघं बसून राह्यलो. जेवण थंड झालं.